मुकं पार्सल

पार्सल दोन्ही हातांत धरायचं, डाव्या कानाशी न्यायचं आणि दोनदा हलवायचं. एकदा आडवं, एकदा उभं. डोळे मिटलेले. आतून काही वाजलं नाही तर ते खाली ठेवून त्यावर तळहात टेकवायचा आणि म्हणायचं, "मुकं आहे. लावा टेप." वाजलं तर मात्र मान हलायची. "बोलून राहिलं गा हे. खोला." मग पार्सल कुणाचंही असो, घाई कितीही असो, मामा ते उघडून पुन्हा बांधल्याशिवाय पुढे सरकू देत नसत.

नागपूरच्या विमानतळाकडे जाताना वर्धा रोडपासून जरा आत, पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या कार्गो एजन्सीचं ऑफिस आहे. विमानाने माल पाठवायचा असला की लोक आमच्याकडे येतात. कुठून कुठे, वजन किती, आत काय, हे सगळं लिहून मी एअरवे बिल बनवतो. बावीस वर्षं झाली. माल रोज आभाळातून जातो आणि मी त्याच खुर्चीत बसून असतो, गादी तेवढी दोनदा बदलली. मामा आमचे पॅकर होते. ते कुणाचे मामा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. शेठसुद्धा त्यांना मामाच म्हणत.

इथे येण्याआधी त्यांनी गांधीबागेत एका ठोक कापडवाल्याकडे गाठी बांधल्या होत्या. कापडाची गाठ कशीही फेका, तिला काही होत नाही. आमच्याकडे आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी बांधलेल्या खोक्यातल्या बांगड्या गुवाहाटीला पोचल्या त्या चुरा होऊन. कुणी रागावलं नाही, नवीन माणूस म्हणून सोडून दिलं. पण मामांनी ते सोडलं नाही. तेव्हापासून हे कानाशी नेणं सुरू झालं.

"फुटायच्या आधी वस्तू बोलते, बाबू," ते मला सांगत. आमच्याकडे ऑफिसातल्या कारकुनाला बाबूच म्हणतात. "आत जागा राहिली का ते हालते, हाललं का बोलते. आपण ऐकलं नाही, त्याले ते काय करन?"

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. त्याच्या कामाला कुणी काम म्हणत नाही, आणि तो मात्र ते देवाची पूजा केल्यासारखं करतो. अशा माणसाची सुरुवातीला गंमत वाटते, मग अडचण होते, आणि मग एक दिवस कळतं की सगळा डोलारा त्याच्याच जिवावर उभा होता. आम्हीही याच क्रमाने गेलो.

एकदा रामदासपेठेतल्या एक आजी बंगळूरला नातवासाठी पार्सल घेऊन आल्या. झबली, टोपरी, सुंठवडा. मामांनी हलवलं तर आतून खुळखुळ आवाज. "बोलून राहिलं आजीबाई." आजी म्हणाल्या, "अहो, खुळखुळा आहे तो! वाजणारच." मामा पेचात पडले. बोलणारं पार्सल त्यांनी आजवर पाठवलं नव्हतं, आणि खुळखुळ्याचा तर धर्मच बोलण्याचा. शेवटी त्यांनी तो एका मोज्यात कोंबला, वर झबलं करकचून गुंडाळलं, पुन्हा कानाशी नेऊन खात्री केली. मग माझ्याकडून एक चिठ्ठी लिहून घेतली आणि आत ठेवली: 'याले मोकळं करा, मंग बोलन.' आजी हसता हसता रडायला लागल्या. "बाळाला मी अजून पाह्यलं नाही हो," एवढंच म्हणाल्या. मामांनी टेप लावताना त्यांना आपल्या स्टुलावर बसवलं. ते स्टूल ते कुणाला देत नसत.

विमानात वजनाइतकेच जागेचेही पैसे लागतात. मोठं खोकं आणि आत चिमूटभर वस्तू, असं कुणी आणलं की मामा कपाळाला हात लावत. "काहून जी, हवा पाठवून राहिले का मुंबईले? तिथं हवा नाही का?" मग सुरीने खोकं कापून, घड्या घालून असं लहान करत की गिऱ्हाईक थक्क होई.

रोज दुपारी साडेतीनला आमची धांदल. त्या वेळेपर्यंत माल आत दिला नाही तर तो त्या विमानाने जात नाही. मे महिन्यात पत्रा तापतो, कूलर नुसता घरघरतो, हाताच्या घामाने कागद ओले होतात. विमान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं कोण जाणे. माझ्या डोळ्यांसमोर घड्याळ येतं.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मामांमध्ये बदल झाला. पूर्वी दहा पार्सलांतलं एक तरी ते परत उघडायला लावत. आता सगळी पहिल्याच फटक्यात पास. टेप भराभर लागू लागली. शेठ खूश. मामाही खूश.

"लोकं शिकले गा बाबू," ते मला म्हणाले. "काय पॅकिंग करून राहिले आजकाल! महिना झाला, एकही पार्सल बोललं नाही."

मी हसलो. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि हसू गेलं. त्यांच्या मागे फोन वाजत होता. केव्हाचा वाजत होता आणि ते माझ्याकडे प्रसन्नपणे बघत होते.

मला तेव्हा कळलं. कुणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? कानावरच त्यांची भाकरी होती. मीच जरा लक्ष ठेवीन असं ठरवलं. वाजणारं पार्सल आलं की मी काहीतरी निमित्त काढायचो, "मामा, पत्ता चुकला वाटते, खोलून पाहू," असं म्हणायचो. चारपाचदा तसं केलं. ते उघडत, आत कागद भरत, माझ्याकडे न बघता टेप लावत. त्यांना ते समजत होतं का, हे मला तेव्हा नक्की माहीत नव्हतं.

मग सावनेरचे ते गृहस्थ आले. जूनचे पहिले दिवस, पाऊस नाहीच. त्यांच्या बहिणीच्या गळ्याला गाठ होती. इथल्या डॉक्टरांनी सुईने नमुना काढून काचेच्या पट्ट्यांवर घेतला होता, आणि त्या पट्ट्या मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळालेली, तीही महिनाभर थांबून. गाडीचं तिकीट मिळालं नव्हतं. मुंबईत बहिणीचा दीर विमानतळावरून पार्सल घेऊन थेट दवाखान्यात जाणार होता. पट्ट्या प्लास्टिकच्या पेटीत, पेटी मिठाईच्या डब्यात, भोवती वर्तमानपत्राचे बोळे. गृहस्थ डबा दोन्ही हातांनी धरून उभे होते.

"काच आहे जी आत," ते म्हणाले.

मामांनी डबा कानाशी नेला. डोळे मिटले. आडवा हलवला, उभा हलवला.

मला आवाज आला. टिक. आणि पुन्हा टिक.

"मुकं आहे," मामा म्हणाले. "लावा टेप."

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. डबा उघडून पुन्हा बांधायचा तर विमान हुकलं असतं, आणि महिनाभराने मिळालेली वेळही. त्या गृहस्थांसमोर आणि शेठसमोर मामांना खोटं पाडणं माझ्या जिवावर आलं. समोर अजून दोन माणसं एअरवे बिलासाठी ताटकळत होती. यातली खरी कारणं कोणती आणि मी मागाहून शोधलेली कोणती, हे आता मलाच सांगता येत नाही. मी दमलो होतो, एवढं मात्र खरं. मी खाली मान घालून बिलावर सही केली.

सहापैकी पाच पट्ट्या फुटल्या. उरलेल्या एकीवरून डॉक्टरांना काही सांगता येईना.

चौथ्या दिवशी ते गृहस्थ तोच मिठाईचा डबा घेऊन आले. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पुन्हा सुई घ्या लागते म्हणते. बहीण लय भेते जी सुईले. मागच्या बारीले माह्या हातात हात धरून होती."

शेठ खुर्चीतून उठले. "कोणी पास केलं हे?"

"म्या," मामा म्हणाले. शेठचं बोलणं त्यांना ऐकू आलं नसावं, चेहऱ्यावरून समजलं असावं. ते स्टुलावरून उठले आणि त्या गृहस्थांसमोर हात जोडून उभे राहिले. "मले ऐकू येत नाही जी. लय दिवस झाले. म्या कोणाले सांगितलं नाही. माही चूक आहे."

माझी खुर्ची त्यांच्यापासून तीन हातांवर होती. एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या हातात पेन होतं आणि मी त्याचं टोपण लावत होतो, काढत होतो.

मामा दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. त्यांना कुणी काढलं नाही; शेठनी दोनदा निरोप पाठवला. त्या बाईंवर पुढे उपचार सुरू झाले असं कळलं. त्यापलीकडे चौकशी करायची माझी हिंमत झाली नाही.

दिवाळीला ऑफिसातर्फे मिठाई घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. गांधीबागेच्या मागे अरुंद गल्लीत दोन खोल्या, दाराला दार लागलेलं. सून ओट्यावर दिवे पुसत होती, समोरच्या घरातल्या बाया गप्पा मारत बसल्या होत्या. मामा खाटेवर होते, वाळले होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. मी दिलेला डबा त्यांनी सवयीने कानाकडे नेला, आणि अर्ध्यावर थांबून मांडीवर ठेवला.

मी त्यांच्याजवळ बसलो. येताना सगळा रस्ता ते वाक्य घोकत आलो होतो.

"मामा," मी म्हणालो, "त्या दिवशी मले ऐकू आलं होतं."

"काय म्हणतो? मोठ्यानं बोल गा."

"मले ऐकू आलं होतं. पट्ट्यांचा आवाज."

त्यांनी डावा कान पुढे केला. "अजून मोठ्यानं."

समोरच्या बाया गप्प झाल्या होत्या. सुनेनं हातातला दिवा खाली ठेवला. आता ओरडूनच सांगावं लागणार होतं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. मी श्वास घेतला आणि ओरडलो, "तब्येत जपा, म्हणालो!"

मामा माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. बराच वेळ. इतक्या वर्षांत इतका वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मग त्यांनी दोन्ही हातांनी माझे खांदे धरले, डोळे मिटले, डावा कान माझ्या छातीपाशी आणला आणि मला हलवलं. एकदा आडवं, एकदा उभं. माझ्या आत काय चाललं होतं ते मलाच ऐकवत नव्हतं.

"मुकं आहे," ते हळूच म्हणाले, आणि माझ्या छातीवर तळहात टेकवला.

मामा या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या जागी दुसरा पॅकर आला आहे, चांगला आहे, टेप सरळ लावतो. पार्सल हलवून पाहायचं काम मी माझ्याकडे घेतलं आहे. साडेतीनची वेळ जवळ येते, लोक कुरकुरतात, शेठ घड्याळ दाखवतात. मी डोळे मिटून ऐकतो. कधी कधी पार्सल मुकं असतं आणि तरी मला आवाज येतो. मग मी ते पुन्हा उघडायला लावतो.