न धुतलेला पंप

नोकरी संपल्यावर मी घरापुढं लॉन केलं. नांदेडच्या उन्हात हे खूळच होतं, पण आमच्या गल्लीत तोवर कुणाकडं लॉन नव्हतं आणि मला ते हवं होतं. सगळी नोकरी कृषी खात्यात गेली. देगलूर, मुदखेड, किनवटकडच्या शेतकऱ्यांना बांधावर उभं राहून सांगत आलो की हराळी शेताची वैरीण आहे. आणि निवृत्त झाल्यावर तीच हराळी विकत आणून अंगणात लावली. बायको म्हणाली, "लोकांना जन्मभर उपटायला लावली, आता बसा तिला पाणी पाजत."

लॉन लावणं सोपं असतं, निंदणं अवघड. पाऊस पडला की हराळीच्या मध्ये आंबुशी, दुधी, गाजरगवत वर यायचं. गल्लीतल्या सात-आठ घरी एक बाई निंदायला यायच्या. वयानं माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, पण सगळे त्यांना मावशी म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो. उकिडव्या बसून खुरप्यानं एकेक तण मुळासकट काढायच्या. घोळ आणि काटेमाठ पदराच्या ओच्यात, बाकीचं बकऱ्यांसाठी पोत्यात.

"साहेब, लई खत टाकत जावा," त्या एकदा म्हणाल्या होत्या. "तुमच्या घोळीचं कालवण चांगलं हून राहिलं."

शेजारी मास्टर राहतात. मास्टर म्हणजे टेलर मास्टर. आता दुकान मुलगा बघतो. त्यांच्या घराच्या बाजूला चिंचोळी जागा आहे, तिथं त्यांच्या बायकोनं देशी गुलाबाची बारा झाडं लावली होती. दर उन्हाळ्यात मास्टर पाकळ्यांचा गुलकंद करायचे आणि गल्लीत प्रत्येक घरी एक बरणी यायची. बायको वारल्यावरही त्यांनी ते चुकवलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वीच्या श्रावणात मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी इस्लापूरला गेल्या आणि महिनाभर आल्या नाहीत. लॉन आंबुशीनं भरून गेलं. मी टू-फोर-डी आणलं. हे तणनाशक रुंद पानांच्या झाडांना मारतं आणि गवताला काही करत नाही, म्हणून हराळीच्या लॉनवर ते चालतं. माझ्याकडं पाठीवरचा पंप होता. गल्लीत तेवढा एकच, त्यामुळे तो सगळ्यांकडं फिरायचा. मी सकाळी वारा नसताना फवारलं. सगळं नियमानं केलं.

फक्त पंप धुताना एकदा साधं पाणी फिरवलं आणि ठेवून दिला.

या औषधाचा अंश साध्या पाण्यानं जात नाही. धुण्याच्या सोड्याचं पाणी करून तीन वेळा खळखळून धुवावं लागतं, नळी आणि नोझलसुद्धा. खरं तर तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा. हे मी गावोगावच्या पारावर किती वेळा सांगितलं असेल याची गणती नाही. कापसाच्या शेतात न धुतलेल्या पंपानं काय होतं हे दाखवायला मी लोकांना घेऊन गेलो आहे. त्या दिवशी धुण्याचा सोडा घरात नव्हता, दुकान कोपऱ्यावर होतं, आणि मला आंघोळ करून जेवायचं होतं. एवढंच कारण आहे.

चार दिवसांनी मास्टर पंप मागायला आले. गुलाबावर मावा पडला होता, कीटकनाशक मारायचं होतं. पंप देताना मला तणनाशक आठवलं का? आठवलं. एकदा पाणी फिरवलंय, काही होत नाही, असं मनात म्हणालो आणि दिला.

त्याच आठवड्यात मावशी परत आल्या. येताना मास्टरांसाठी स्वतःच्या बकऱ्यांच्या लेंडीखताचं पोतं रिक्षात घालून आणलं, गुलाबाची आळी करून प्रत्येक बुंध्याशी घातलं.

आठ-दहा दिवसांनी मास्टरांनी कुंपणावरून हाक मारली. "साहेब, जरा येता का? गुलाबाला काय हून राहिलं, काय कळंना."

मी गेलो. शेंडे पिळवटलेले होते, नवी पानं अरुंद होऊन पंजासारखी आकसलेली, कोवळी फांदी सापासारखी वळलेली. एक झाड पाहिलं आणि मला कळलं, न धुतलेल्या पंपानं कापसाचं होतं तेच. दुसरं पाहण्याची गरज नव्हती, तरी मी बाराही झाडं पाहिली, कारण तेवढा वेळ मला बोलावं लागत नव्हतं.

मावशी तिथंच उभ्या होत्या, हातात खुरपं. मास्टर चिडलेले होते. "मी म्हणलो होतो, मावशी, खत जुनं आणा. गरम खत घातलं की मुळं जळतात. साहेब, तुम्हीच सांगा, तुम्ही यातले जाणकार."

मावशी माझ्याकडं बघू लागल्या. "साहेब, दोन वर्साचं खत हाय. हातात घेऊन बघा."

मी वाकून चिमूटभर उचललं. काळं, भुसभुशीत, चांगलं कुजलेलं खत होतं. आणि मी म्हणालो, "असू शकतं. कच्चं राहिलं असेल थोडं."

मावशींनी खुरपं पोत्यात टाकलं. मास्टर मात्र लई बोलले. एरवी शांत माणूस, पण बायकोच्या हातची झाडं होती ती. त्यांनी मावशींना तिथल्या तिथं जायला सांगितलं.

रात्री जेवताना बायकोनं विचारलं, "पंप धुतला होता ना हो तुम्ही?" मी हो म्हणालो. ती पुन्हा विचारणार नाही हे मला माहीत होतं.

बारांपैकी दहा झाडं गेली. आणि आमच्या गल्लीची रीत अशी की एका घरानं कुणाला कामावरून बंद केलं की दुसरं घर कारण विचारून बंद करतं. महिना-दीड महिन्यात मावशींचं गल्लीतलं काम संपलं. माझ्याकडं त्या आल्याच नाहीत. मीही निरोप पाठवला नाही. पंप मी भंगारात दिला. नंतर सहा वर्षं मास्टरांबरोबर रोज सकाळी फिरायला जात राहिलो.

गेल्या पावसाळ्यात पलीकडं नवीन कुटुंब राहायला आलं. त्यांनी माझ्यासमोर मास्टरांना विचारलं की निंदायला कुणी बाई मिळेल का. मास्टर म्हणाले, "एक होती. पण तिला नका बोलावू. मी नाही म्हणत, या साहेबांनी स्वतः खत तपासून सांगितलं होतं."

माझं ते अर्धं वाक्य सहा वर्षांत पक्कं होऊन बसलं होतं. त्या दिवशीही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी उठून मावशींचं घर शोधत गेलो.

मास्टरांचं घर माझ्या घरापासून वीस पावलांवर आणि मावशींचं दोन किलोमीटर. तरी मी आधी तिकडं गेलो, कारण ते सोपं होतं. मावशी आता मुदखेड रस्त्याकडच्या एका रोपवाटिकेत कामाला जातात. त्या दिवशी सुट्टी होती. दारात बसून शेंगा सोलत होत्या. मी सगळं सांगितलं, पंपापासून खतापर्यंत. त्यांनी हातातली शेंग सोलायची थांबवली नाही.

"मला ठाव हाय की," त्या म्हणाल्या. "तेच खत मी आणिक चार घरी घातलं व्हतं. कुठं पान वाकडं झालं न्हाई. आन तुम्ही लॉनवर औषध मारल्याचं तुमच्या मालकीणबाईंनीच सांगितलं व्हतं मला, गवत बकऱ्याला नेऊ नका म्हणून."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही साहेब. मी बोलून कोण ऐकलं असतं?" मग त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "मला कशाला सांगून राहिलात? ज्यांना ठाव न्हाई त्यांना सांगा."

मी परत आलो आणि त्याच संध्याकाळी सुरुवात केली. सात घरं. प्रत्येक घरी चहा आला. बहुतेकांना गोष्टच आठवत नव्हती. एक जण म्हणाले, "अहो, जुनं झालं ते, कशाला मनाला लावून घेता?" एक सूनबाई हसली, म्हणाली, "आजोबा, एवढ्यासाठी जिना चढून आलात?" मी प्रत्येक ठिकाणी पूर्ण सांगितलं. खत चांगलं होतं, पंप माझा होता, आणि मला माहीत होतं. तिसरी गोष्ट दर वेळी सगळ्यात शेवटी, उठता उठता सांगायचो.

मास्टरांकडं शेवटी गेलो. ते ऐकत राहिले. गुलाबांवरून बोलतील असं मला वाटत होतं, आणि ते ऐकायची मी तयारी केली होती.

"झाडं गेली ती गेली, साहेब," ते म्हणाले. "पण मी त्या बाईला काय काय बोललो. तुमच्या भरवशावर बोललो. त्याचं काय करू मी आता?"

 

दुसऱ्या दिवशी त्यांनी टोपी घातली, रिक्षा बोलावली आणि मला म्हणाले, "चला." मावशींच्या दारात मी मागं थांबलो. मास्टर पुढं गेले, त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "मावशी, लई वाईट बोललो मी तुम्हाला. माफ करा."

मावशी गडबडल्या. "बसा की मास्टर, आसं काय करता." त्यांनी बाज टाकली, पाणी दिलं. मास्टरांची तब्येत विचारली, मुलाची, दुकानाची. मास्टरांनी विचारलं की पुन्हा येणार का. त्यांनी थोडा विचार केला आणि सुट्टीच्या दिवशी येईन म्हणाल्या. मास्टरांकडं आणि अजून कुणी बोलावलं तर तिकडं.

मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुमच्याकडं मातूर न्हाई येणार, साहेब."

"हो," मी म्हणालो. "बरोबर आहे."

मास्टर बाजेवर होते, मी दारातच उभा होतो. मावशींनी मला बसा म्हटलं नाही, आणि मास्टरांचं पाणी पिऊन होईपर्यंत मी तसाच उभा राहिलो.