शेवटच्या पानांचे टाके

शुभा देवधरने पुस्तकाला पहिल्यांदा सुई लावली ती चिडून.

चिडायला कारणही तसंच होतं. खालच्या मजल्यावरची तिची मैत्रीण सुगंधा राऊळ कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान उघडायची. वर म्हणायची, "वाचत नाही गं, शेवट आहे की नाही एवढंच बघते." लालबागला वाढलेली ही बाई. वडील गिरणीत, आणि कामगारांच्या वाचनालयातून ते जी पुस्तकं आणत त्यातल्या निम्म्यांची शेवटची पानं कुणीतरी फाडून नेलेली असायची. लहानपणी इतक्या गोष्टी अर्ध्यावर सुटल्या की पुढे नव्याकोऱ्या पुस्तकावरही तिचा विश्वास बसेना. इथवर ठीक. पण शेवट आहे ना, हे बघता बघता ती तो वाचूनही टाकायची आणि ज्या बाईने पुस्तक दिलं तिलाच जिन्यात गाठून विचारायची, "ती मरते ना गं शेवटी?"

शुभाने एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं होतं. अर्ध्यावर सोडलेलं काम आणि आधी उलटं करून बघितलेलं कापड, या दोन गोष्टी तिला खपत नसत. एका गुरुवारी तिने सुगंधाच्या हातात एक कादंबरी ठेवली. शेवटची सहा पानं कडेने लाल दोऱ्याने शिवलेली. धावदोरा, पण टाका असा बारीक की नखसुद्धा शिरू नये.

"शिवणीपर्यंत वाच. मग माझ्याकडे ये. उसवायचं ते माझ्यासमोर."

"येडी झालीस काय गं तू?" सुगंधा म्हणाली.

दुसऱ्या मजल्यावरच्या मृणालिनीने तर कपाळावर हात मारला. पुस्तकाला भोकं पाडतात म्हणजे काय! शुभाने तिला ऐकवलं, पुस्तक माझं, सुई माझी, तुला काय? दोन महिन्यांनी तिनेही स्वतःचं एक पुस्तक शिवायला आणून दिलं.

मग मुलुंड पूर्वेच्या त्या चार मजली इमारतीत हा रिवाजच पडला. पुस्तक सुचवायचं ते पानं शिवून. वाचणारीने शिवणीपर्यंत यायचं आणि गुरुवारी चार वाजता शुभाच्या घरी जायचं. शुभा कात्री द्यायची, लाल दोऱ्याचे तुकडे बशीत गोळा करायची आणि समोरच्या खुर्चीत बसायची. चहा केलेला असायचा, पण शुभा स्वतः त्याला हात लावत नसे. ती वाचणाऱ्या बाईच्या तोंडाकडे बघत बसे. आपल्याला आवडलेली गोष्ट दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून पुन्हा वाचायची, यात तिला काय सुख मिळायचं ते तिलाच ठाऊक. "तुझं तोंड म्हणजे सिनेमाच्या वर आहे," ती सुगंधाला म्हणायची.

आणि शेवटचं पान मिटलं की भांडण. मृणालिनी "छान होतं" म्हणून पदर सावरून उठायची. तिच्यात काही मजा नव्हती. सुगंधा उठायची नाही. तिला शेवट कधीच पटत नसे. तो असं वागेलच कसा, लेखकाला घाई झाली होती, हिच्या आईचं पुढे काय झालं ते सांगितलंच नाही! शुभा एकेक टाका घालावा तसं एकेक वाक्य बोलायची आणि सुगंधा हातवारे करत खोडून काढायची. सात वाजले की सुगंधाच्या नवऱ्याचा, मधुकररावांचा, खालून फोन यायचा की कुकर लावू का. अशी किती पुस्तकं झाली त्याची गणती नाही, पण बारा वर्षं गुरुवार सहसा चुकला नाही.

गेल्या वर्षी शुभाचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी तिच्या मुलीला, गंधालीला, बाजूला घेऊन सांगितलं. शुभाला कुणी काही सांगितलं नाही आणि तिला सगळं कळलं. त्याच आठवड्यात तिने सुगंधाला एक कादंबरी दिली.

"हे वाच. जरा लवकर वाच."

खाडीच्या धक्क्यावर लाँचची तिकिटं देणाऱ्या एका बाईची गोष्ट. तिचा भाऊ भांडून सकाळच्या लाँचने निघून जातो आणि ही वर्षानुवर्षं त्याच्या पत्राची वाट बघते. सुगंधाने चार दिवसांत शिवणीपर्यंत वाचून काढली. पाचव्या दिवशी गुरुवार होता, आणि तिथे तिने तो शहाणपणा केला.

शहाणपणा कसला, खुळेपणाच. पण आता चौसष्ट वर्षांच्या, औषधाच्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या बाईला कोण सांगणार? तिच्या डोक्याने घेतलं की शुभा शिवण अर्धी सोडणारी नाही. जोवर ही पानं उसवली जात नाहीत तोवर ती कुठे जात नाही. म्हणून पलंगावरच्या शुभाने विचारलं, "झालं वाचून?" तेव्हा ती म्हणाली, "छे गं, शंभर पानं आहेत अजून."

पुढच्या गुरुवारी ऐंशी होती. त्याच्या पुढच्या गुरुवारी मधुकररावांना सर्दी झाली होती म्हणून वाचन झालं नव्हतं. शुभा तिच्या तोंडाकडे बघायची आणि म्हणायची, "सावकाश. सावकाश वाच." असे सात गुरुवार सुगंधा रिकाम्या हाताने वर गेली. आठव्या गुरुवारच्या आधी मंगळवार आला आणि शुभा गेली. पानं शिवलेलीच राहिली.

सुगंधा रडली नाही. तिने गंधालीला पाणी दिलं, भटजींना फोन केला, आलेल्यांच्या चपला जिन्यात बाजूला सारल्या. बायका म्हणाल्या, केवढा धीर आहे हिच्यात. धीरबीर काही नव्हता. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा असतो तशी ती आतून झाली होती. गाल आपलाच, पण चावला गेला तरी कळत नाही.

ते तसंच राहिलं. चतुर्थीला मोदक झाले, छान झाले म्हणे. मुलगा सिद्धेश नाशिकहून येऊन चार दिवस राहून गेला. सुगंधा बाजारात जायची, भाजीवाल्याशी घासाघीस करायची, गुरुवारी चार वाजता टीव्ही लावायची. टीव्हीवर काय चाललंय हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मृणालिनीने तीन पुस्तकं आणून दिली, न शिवता. सुगंधाने तिन्ही फ्रिजवर ठेवली आणि महिन्याने परत केली. "कशी वाटली?" "छान होती." मृणालिनी तिच्याकडे बघत राहिली. सुगंधा राऊळ एखाद्या पुस्तकाला नुसतं छान म्हणते म्हणजे प्रकरण गंभीर आहे, एवढं तिलाही कळत होतं. ती पुस्तकं उचलून घेऊन गेली.

शेवटचं पान आधी बघायची सवयही गेली. शिवलेलं ते पुस्तक कपाटात साड्यांच्या खाली होतं. ते उघडावं असं सुगंधाला वाटत नसे, आणि उघडू नये असंही वाटत नसे. काहीच वाटत नसे.

अकरा महिन्यांनी गंधाली आली. अंधेरीला राहणारी, ऑफिसातून वेळ काढून धावतपळत येणारी मुलगी. इमारत पुनर्विकासाला जाणार होती, महिनाअखेर घर रिकामं करायचं होतं. शुभाची पुस्तकं ती एका शाळेला देत होती. तिच्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता.

"मावशी, हा आईचा शिवणाचा डबा. तुला द्यायला सांगितलेलं तिने. माझ्याकडूनच राहिलं." डबा टीपॉयवर ठेवत ती म्हणाली, "आणि तिचं एक पुस्तक आहे ना तुझ्याकडे? ते दे, बाकीच्यांबरोबर बांधून टाकते."

"वाचून नाही झालं अजून," सुगंधा म्हणाली. आपोआपच म्हणाली. सवयीने.

गंधालीने पायातली चप्पल काढली आणि ती सोफ्यावर बसली. "मावशी, तुझं कधीच झालंय. आईला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पहिल्याच गुरुवारी ओळखलं तिने. मला म्हणाली, हिचं वाचून झालंय, तोंडावर दिसतंय, पण उसवायला घाबरतेय. मी म्हटलं, मग सांग ना तिला. तर म्हणाली, नको, राहू दे. तिला वाटतंय ना असं थांबवता येईल, तर थांबवू दे."

सुगंधा ऐकत होती. दुसऱ्याच कुणाबद्दल तरी चाललंय असं ऐकत होती. मग ती उठली, साड्यांखालून पुस्तक काढून आणलं आणि गंधालीसमोर धरलं. गंधालीने ते घेतलं नाही. तिने डबा उघडून कात्री पुढे केली.

"माझी मीटिंग आहे सहाला," गंधाली म्हणाली, "तोवर बसते मी."

सुगंधाने लाल दोरा एकेक टाका करत कापला. पंधरा-सोळा टाके होते. तुकडे तिने बशीत ठेवले. गंधाली समोर सोफ्यावर मोबाइल बघत होती. सुगंधाने चष्मा लावला आणि वाचायला घेतलं.

सहा पानं. पत्र येतं. धक्क्यावरचा माणूस आणून देतो. पाकिटावर भावाचं अक्षर असतं, एवढ्या वर्षांनीही ती ते ओळखते. ती पत्र हातात घेते, उलटसुलट करून बघते आणि तिकिटांच्या गठ्ठ्याखाली सारते. मग खिडकी उघडते. पुढचा माणूस म्हणतो, दोन द्या. संपलं.

सुगंधाने पान उलटलं. मागे कोरं होतं. तिने पुन्हा आधीचं पान वाचलं.

"हा काय शेवट झाला?"

गंधालीने मान वर केली.

"नाही, मी विचारते, हा काय शेवट झाला? तीनशे पानं ही बया पत्राची वाट बघते, मला बघायला लावते, आणि आलेलं पत्र उघडत नाही? हातात घेऊन उघडत नाही? भाऊ मेला की जगला, काय लिहिलंय त्याने, काही नाही! तिकिटं विकायला बसली! मेल्या लेखकाने लिहायचंच कशाला मग? आणि हिला काय एवढं आवडलं यात? थांब, विचारतेच तिला, काय गं शुभा—"

ती बोलता बोलता उठून उभी राहिली होती, दाराकडे दोन पावलं टाकली होती. वर जायला. जिना चढून, नेहमीसारखी, पुस्तक हातात घेऊन. दाराच्या कडीला हात लागला आणि ती तिथेच थांबली.

गंधाली मागून म्हणाली, "आईने तेवढ्यासाठीच दिलं होतं ते. म्हणाली, सुगंधाला हा शेवट अजिबात चालणार नाही. कडाकडा भांडेल माझ्याशी."

शुभाला शेवटचं एक भांडण हवं होतं. सात आठवडे पलंगावर पडून ती त्याची वाट बघत होती, आणि आपण ते तिला दिलं नाही. सुगंधाला हे कळलं ते असं, दाराच्या कडीला हात लावून उभी असताना. आणि ते दुखलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी दुखलं.

"पत्र उघडायला काय झालं होतं तिला," ती परत म्हणाली, पण आवाज पार उतरला होता.

"तू तरी काय केलंस मावशी, अकरा महिने?"

मुलगी आईवर गेली होती. सुगंधा येऊन खुर्चीत बसली. मग सुगंधाने विचारलं, "तू वाचलंयस का हे?"

"नाही."

"मग माझ्याशी वाद कसला घालतेस? आधी वाच."

तिने डबा जवळ ओढला, लाल दोऱ्याचं रीळ काढलं, गोधडीची सुई काढली. शेवटची सहा पानं एकत्र धरली. जुनी भोकं होतीच, नवी पाडायची गरज नव्हती. दोऱ्याचं टोक तोंडात धरून ओलं केलं आणि ओवायला गेली. गोधडीच्या सुईचं नेढं केवढं, त्यातून सुतळी जाईल. दोरा जाईना. पुन्हा ओलं केलं, पुन्हा जाईना. चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला. सुईच दिसेना.

"मावशी, रडतेयस तू."

"रडत नाही. दोरा जात नाहीय."

गंधालीने सुई तिच्या हातातून घेतली, दोरा ओवला, टोकाला गाठ मारली आणि परत दिली. सुगंधा शिवायला लागली. टाके वाकडे पडत होते, शुभाने बघितले असते तर सगळे उसवायला लावले असते. डोळ्यांतलं पाणी पुस्तकावर पडू नये म्हणून तिने मान बाजूला केली होती आणि अंदाजानेच सुई घालत होती. शेवटचा टाका घालून तिने दोरा दाताने तोडला आणि पुस्तक गंधालीच्या मांडीवर ठेवलं.

"शिवणीपर्यंत वाच. मग गुरुवारी ये, चार वाजता," ती म्हणाली. "उसवायचं माझ्यासमोर. मला तुझं तोंड बघायचंय."