वीस म्हणजे वीस

तो गिअरबॉक्स दुरुस्त होण्यासारखा होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात आणि ओरत्तनाडु रस्त्यावरच्या त्या वर्कशॉपमध्ये आता हे कोणीच मान्य करत नाही.

लॉरी माझी, माझ्या पैशाची. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमचे नातेवाईक कोणी शिक्षक, कोणी बँकेत, कोणी कलेक्टर कचेरीत. लॉरी घेणारा मी एकटाच. लग्नकार्यात ते माझी ओळख ‘हे ट्रान्सपोर्टमध्ये आहेत’ अशी करून देतात, जणू मी विमान उडवतो. मी लॉरी चालवतो, नारळ मोजून घेतो आणि भाव करताना माझा आवाज कालव्याच्या पलीकडे जातो. मला त्याची लाज नाही.

तर या लॉरीचा दुसरा गिअर सुटायला लागला. चढावर टाकला की गिअरची काठी आपोआप न्यूट्रलवर येऊन बसायची. दोन आठवडे मी ती डाव्या गुडघ्याने दाबून धरली. गुडघ्याला सूज आली, पण काम चाललं होतं. मग एका शुक्रवारी, नारळ भरून बागेतून कालव्याच्या बांधावर चढताना, गुडघा दमला. लॉरी मागे घसरली, मागचा फळका उघडला आणि शे-दीडशे नारळ कालव्यात गेले. ते बदकांसारखे रांगेने निघाले. पाठोपाठ खरी बदकंही निघाली.

बागेच्या मालकीणबाई छत्री घेऊन बांधावर उभ्या होत्या. त्या माझ्यासारख्या ओरडत नाहीत, म्हणून मला त्यांची भीती वाटते. म्हणाल्या, “पुढच्या शुक्रवारी भरलेली लॉरी एका दमात चढली पाहिजे. नाही चढली तर कुंभकोणमचा लॉरीवाला विचारून गेलाय.”

चार वर्षं दर शुक्रवारचा माल. तो गेला तर लॉरी काय, मीच भंगारात.

वर्कशॉपच्या मेस्त्रीशी माझं दहा वर्षांचं भांडण आहे, म्हणून मी दुसरीकडे कुठे जात नाही. त्याने गिअरबॉक्सचा डबा खाली उतरवला, उघडला, तेल ट्रेमध्ये ओतलं. झिजलेल्या दातांच्या किसाने तेल असं चमकत होतं, जणू त्यात जरीचं लुगडं बुडवून काढलंय.

“रायरे,” तो म्हणाला. आम्हा मराठी बोलणाऱ्यांना इथे सगळे रायर म्हणतात. “रायरे, दोन मार्ग. हाच दुरुस्त करतो, दुसऱ्या गिअरचे दात आणि बेअरिंगं नवी घालतो. तीस हजार. नाहीतर नामक्कलहून जुन्या लॉरीतून काढलेला अख्खा डबा आणतो. चाळीस.”

“दातांचे तीस? माझ्या सासऱ्यांनी अख्खी कवळी बारा हजारांत बसवली.”

“मग तीच आणा. बसवून देतो.”

माझं म्हणणं साधं होतं. ज्या लॉरीचं बाकी सगळं मेलं, तिचा गिअरबॉक्स तेवढा कसा शहाणा राहिला? त्याचं म्हणणं, आज दुसऱ्याचे दात गेले, पोंगलला तिसऱ्याचे जातील, आणि मग तुम्ही इथे उभं राहून माझ्या आईबापांचा उद्धार कराल. यावर आम्ही सकाळभर भांडलो. शेवटी मी ठरवलं, दुरुस्तीच, पण वीस हजारांत. त्यासाठी घरी फोन करायला हवा होता, कारण पैशांच्या कपाटाची किल्ली बायकोकडे असते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या लोकांचं भाव करण्याचं हत्यार म्हणजे मराठी. साडीचं दुकान असो की भाजीबाजार, विकणाऱ्याच्या तोंडासमोर आम्ही नवरा-बायको मराठीत ठरवतो, किती द्यायचे, कुठे उठून निघाल्यासारखं करायचं. विकणारा बिचारा पंख्याकडे बघत राहतो. तीनशे वर्षं आमची माणसं या गावात हेच करत आली असणार.

“काय म्हणतोय वो तो?” बायकोने विचारलं.

“तीस म्हणतो.”

“तुम्ही किती म्हणतां?”

“वीस!”

मागे हवेचा कॉम्प्रेसर सुरू झाला. “काय?”

“वीस!” मी ओरडलो. रागात बोलताना माझा हात हवेत जातो. तो गेला. “वीस! वीस!”

मेस्त्रीने भुवया उंचावल्या, पान्याने ट्रेमधल्या गिअरबॉक्सकडे खूण केली आणि तमिळमध्ये विचारलं, “हाच?” मला वाटलं, याचीच दुरुस्ती ना, असं विचारतोय. मी जोरात मान हलवली.

मग त्याला जरा शिजू द्यावं म्हणून मी समोरच्या दुकानात जाऊन बसलो. भाव करणाऱ्याने अशा वेळी दिसेनासं व्हायचं असतं. अर्धा तास लावून दोन कॉफ्या प्यायलो.

परत आलो तर जमीन स्वच्छ. ट्रे रिकामा, धुतलेला. मेस्त्री माझ्याकडे प्रथमच आदराने बघत होता.

“शेवटी पक्का निर्णय घेतलात, रायरे.”

“डबा कुठाय?”

“भंगारवाल्याने नेला. तुम्हीच म्हणालात, ‘वीसु’.”

तमिळमध्ये ‘वीसु’ म्हणजे फेक. भिरकावून दे. दोन्ही भाषा मी जन्मापासून बोलतो, आणि हे दोन शब्द माझ्या डोक्यात कधी शेजारी बसले नव्हते.

त्याला त्याच्याच मोपेडवर मागे बसवून मी भंगारवाल्याकडे पोचलो. डब्याचं वरचं कवच हातोड्याखाली गेलं होतं, तुकडे पोत्यात. गिअरची चक्रं तेवढी काट्यावर होती, एका मोडक्या मिक्सरच्या शेजारी. भंगारवाल्याने भाव सांगितला आणि सवयीने मी तो खाली आणायला लागलो. दहा मिनिटं झाली. मी बराच खाली आणला होता.

“रायरे,” मेस्त्रीने खांद्यावर हात ठेवला, “कवचाशिवाय ही घेऊन करणार काय? गळ्यात घालणार?”

वर्कशॉपपर्यंत मी त्याला शिव्या दिल्या. तो मागे बसून ऐकत होता. उतरल्यावर म्हणाला, “तुम्ही चारदा म्हणालात. हात करून. मान हलवून.”

“मी आकडा सांगत होतो! आमच्या भाषेत!”

“कोणाला?”

“बायकोला.”

“माझ्यासमोर तुमच्या भाषेत कशाला?”

मी मोपेडचं स्टँड लावायला वाकलो. तो माझ्याकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं. हसत हसत तो टायरवर बसला, मग टायरच्या आत गेला. दहा वर्षं मी त्याच्या नाकासमोर त्याचीच किंमत ठरवत होतो, हे त्याने आत बसूनच भावाला फोन करून सांगितलं.

पण मीही सोडणाऱ्यातला नाही. गिऱ्हाइकाची वस्तू नीट न विचारता फेकली, ही चूक त्याची, असं मी इतक्या वेळा सांगितलं की नामक्कलचा डबा चाळीसवरून तीसवर आला, वर गिअर ऑइलचा कॅन फुकट. बोलताना मी सगळे आकडे तमिळमध्ये सांगितले, बोटांवर दाखवून.

शुक्रवारी लॉरी भरली. मालकीणबाई छत्रीखाली उभ्या. मी बांधाच्या पायथ्याशी दुसरा गिअर टाकला आणि गुडघा मुद्दाम बाजूला घेतला. लॉरी चढली. काठी जागची हलली नाही. एक नारळसुद्धा घरंगळला नाही.

“बदललात ते बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “पुढच्या शुक्रवारी वेळेवर या. जुनाच दुरुस्त करत बसला असतात तर—”

“तोही चढला असता!”

“काय?”

“तोही चढला असता!”

इंजिनाच्या आवाजात त्यांना काही कळलं नाही. त्यांनी छत्रीनेच पुढे जायची खूण केली. बांधावरून जाताना बायकोचा फोन आला.

“चढली कां?”

“चढली!”

“मग ओरडतां कशाला?”