पाणंदीने जाणारी बोट

त्या दिवशी सकाळी मी पुण्यात, जुन्या स्पेअर पार्टच्या एका दुकानात, गंजका स्पार्क प्लग हातात धरून उभा होतो. कशाचा आहे, असं दुकानदाराने विचारलं. बोटीचा, म्हटलं. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कुठून आलात? रत्नागिरी?" मी म्हटलं, "मंचर." त्यावर त्याने आत जाऊन तसाच एक प्लग शोधून आणला. तो खिशात टाकून मी रस्त्यावर आलो आणि फोन वाजला. माझी बायको मंदा बोलत होती. सोपानदादा पहाटे गेले. छातीत कळ आली, उठून बसले, पाणी मागितलं आणि... पाणी येईपर्यंत काही थांबले नाहीत. थांबणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. नवा प्लग त्यांना हवा होता. तो खिशात घेऊनच मी त्यांच्या अंत्ययात्रेत चाललो.

सोपानदादा माझे थोरले साडू. कळंबच्या शिवेवर त्यांचा मळा, त्यात कांदा, टोमॅटो आणि दुरुस्तीला काढलेलं एखादं इंजिन. मी मंचरच्या शाळेत चित्रकला शिकवायचो, म्हणून ते मला 'मास्तर' म्हणत. दोन साडवांचं सहसा पटत नाही म्हणतात. आमचं पटलं, कारण त्यांना रोज नवं काहीतरी सुचायचं आणि मला नाही म्हणता यायचं नाही. त्यांचा स्वभाव पी हळद नि हो गोरी असा, आणि मी जिन्याची पायरीसुद्धा आधी पायाने चाचपून बघणारा माणूस.

आमची सासुरवाडी डिंभ्याच्या धरणात बुडाली. ज्या अंगणात आम्हा दोघांची लग्नं लागली, त्यावर आज चार पुरुष पाणी आहे. गावातली बरीचशी माणसं खाली नव्या जमिनींवर गेली, पण सासूबाई हलल्या नाहीत. धाकट्या किसनला घेऊन त्या पलीकडच्या काठावर, डोंगराच्या उतरणीला घर बांधून राहिल्या. घराचं तोंड डोंगराकडे, आणि पाण्याच्या बाजूला सरळ आंधळी भिंत. तिला दार नाही, खिडकी नाही, साधा झरोकासुद्धा नाही. "ज्यानं घर गिळलं, त्याचं तोंड रोज सकाळी कशाला बगू?" असं त्या म्हणायच्या. त्यांच्याकडे जायचं तर घोडेगावहून एसटी पकडायची, शेवटच्या थांब्याला उतरायचं आणि मग डोंगर चढून उतरायचा. मंदा पदर खोचून ती वाट चालायची. पण थोरली इंदूताई, म्हणजे सोपानदादांची बायको, कांदा साठवायच्या बराखीवरून पडली, पायात सळई घालावी लागली आणि तिचं चढणं कायमचं बंद झालं. सासूबाईंचंही वय झालेलं, डोंगर ओलांडून खाली यायला त्या तयार नव्हत्या. मायलेकींची वर्षानुवर्षं भेट नाही. किसन इकडचा निरोप तिकडे नेई, तिकडची शिळी बातमी इकडे आणी.

त्यात धोंड्याचा महिना. दर तीन वर्षांनी अधिक महिना आला की जावयाला लेकीसह बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, वाण द्यायचं. सासूबाईंचा निरोप ठरलेला असायचा : "दोन्ही जावई आले पायजेत, इंदीला घेऊन. माजा ह्यो शेवटचा धोंडा." असे दोन शेवटचे धोंडे आम्ही चुकवले होते. दुसऱ्या खेपेला इंदूताई निरोप ऐकून नुसतं एवढंच म्हणाली, "आता आयला भेटायचं तर पवायलाच शिकाया पायजे." आणि आत निघून गेली. दादा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी माझ्या दारात हजर. "मास्तर, आपल्याला बोट पायजे."

बोट त्यांनी आधीच हेरून ठेवली होती. नाशिक रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याने कधीकाळी पर्यटकांसाठी फायबरची बोट आणली होती. तिचं पुढे काहीच जमलं नाही आणि ती हॉटेलमागे कोंबड्यांचं खुराडं होऊन पडली होती. सौदा टेम्पोभर कांद्यावर ठरला. पण सीटखाली एक खुडूक कोंबडी बसली होती, आणि पिल्लं निघेपर्यंत बोट हलवायची नाही ही मालकाची अट. दादा दर दोन दिवसांनी जाऊन कोंबडीची विचारपूस करून येत. शेवटी बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढली आणि कळंबच्या बाजारातून मिरवत निघाली. लोक दुकानं सोडून बाहेर आले. एक म्हातारा म्हणाला, "काय राव, पूर यायचाय का काय?" दादा वरून म्हणाले, "आल्यावर बगू. तुमची जागा धरून ठिवतो."

बोट अंगणात, नेमकी मिरच्या वाळवायच्या जागी उतरली. इंदूताईने कपाळाला हात लावला. बुडाला चिरा गेलेल्या होत्या, आणि ज्या मागच्या फळीवर इंजिन टांगतात ती आतून कुजून भाकरीच्या कुस्करासारखी झालेली. मी म्हटलं, दादा, हिला बोट म्हणवत नाही. मग ते जुन्नरहून रफिकभाईंना घेऊन आले. रफिकभाई टेम्पोची बॉनेटं, पाण्याच्या टाक्या, मंडळांची फायबरची मखरं असलं काय काय करायचे. बोट त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. चहा पिऊन त्यांनी तिला एक फेरी मारली आणि म्हणाले, "टाकी समजून करतो. फक्त पाणी भायेरच्या अंगाला हाय, असं मनात धरायचं."

त्यांनी नवी फळी बसवली, चिरांवर काचेच्या धाग्याची जाळी आणि रेझिन चढवलं, आणि उरलेलं काम दादांना शिकवून गेले. जाताना रेझिन घट्ट करणाऱ्या औषधाबद्दल बजावलं, "हार्डनर झाकणभर. जास्त न्हाई." दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. दादांनी झाकणाऐवजी वाटी ओतली. पत्र्याच्या मगातून धूर निघायला लागला. मी लांब पळालो. दादा ब्रश ओढायला गेले, तर ब्रश जागचा हलेना. पत्र्याचा मग, रेझिन आणि ब्रश असा तिघांचा मिळून एक दगड तयार झाला होता, आणि ब्रश त्यात वरती ताठ उभा. "लई पक्कं व्हतं राव हे," दादा कौतुकाने म्हणाले. इंदूताईने तो मग उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि पिठाच्या डब्यावर ठेवून दिला. झाकण उंदीर उघडत होते, ते त्या दिवसापासून बंद झाले.

बोट गळते की नाही हे बघायचं कसं? जवळ पाणी नाही. त्यातून ते दुष्काळाचं साल, वस्तीवर टँकर यायचा. दादांनी टँकरवाल्याला सांगितलं, "बोटीत ओत." मी समजावून पाहिलं की बोटीचा उद्देश बरोबर उलटा असतो. ते म्हणाले, "मास्तर, जी आतलं भायेर जाऊ देत न्हाई, ती भायेरचं आत कशी येऊ दील?" टँकर बोटीत रिकामा झाला. इंदूताई लंगडत बोटीभोवती फिरली आणि जिथे जिथे ओल दिसली तिथे तिथे कुंकवाचं बोट लावत गेली. बोट म्हसोबासारखी दिसायला लागली. बोटीवर रागावलेली बाई ओल शोधायला मात्र वाकून वाकून बघत होती. ते उरलेलं पाणी त्या उन्हाळ्यात म्हशी प्यायल्या. पाणी बदलायचं असलं की मागचं बूच काढायचं, ही इंदूताईचीच युक्ती. हे बूच लक्षात ठेवा.

बोटीबरोबर आलेलं इंजिन गंजून जाम झालेलं. दादांनी त्याच्या पोटात डिझेल आणि खोबरेल ओतून ते महिनाभर तसंच ठेवलं आणि येता-जाता दोरीला झटका मारत राहिले. दसऱ्याला ट्रॅक्टर आणि नांगराच्या रांगेत त्यालाही झेंडूची माळ पडली. पूजा झाल्यावर त्यांनी ते पाण्याने भरलेल्या पिंपावर टांगलं आणि दोरी ओढली. ते चालू झालं. त्यांनी आनंदाच्या भरात वेग वाढवायचा कान पिळला आणि पंख्याने पिंपातलं सगळं पाणी उसळून माझ्यावर, पूजेवर आणि सोन्याच्या ताटावर टाकलं. आपट्याची पानं गोठ्यात जाऊन पडली. मी निथळत उभा. दादा म्हणाले, "बगितलंत? पिंप एका दमात रिकामं. पंप म्हणून बी चालंल."

नाव रंगवायचं काम माझं. ट्रकवर 'आईवडिलांचा आशीर्वाद' लिहितात, त्यांना 'सासूबाईंचा आशीर्वाद' हवं होतं. मी ते निळ्या रंगात, सावलीसकट लिहून दिलं.

अधिक श्रावण आला. धरण भरत आलेलं, आभाळ रिमझिमतं. मंदा मला म्हणाली, "तुम्ही जा, मी एसटीने येते. घरात एक तरी शहाणं माणूस उरलं पाहिजे." आणि पहिल्या गाडीने ती निघूनसुद्धा गेली. मी धोंड्याचा जावई म्हणून पांढराशुभ्र सदरा घातला होता. त्यावर दादांनी ट्रॅक्टरची ट्यूब चढवली. ट्रॉलीवरून बोट पाण्यात सोडली, इंदूताईला उचलून पुढच्या फळीवर बसवलं, तिच्या मांडीवर आईसाठी घेतलेलं लुगडं. दोरी ओढली, इंजिन लागलं, आम्ही काठापासून सुटलो. आणि माझे पाय गार पडले. भीतीने असतील असं मला वाटलं. मग घोटे बुडाले. इंदूताई शांतपणे म्हणाली, "बूच कुटंय?"

बूच कळंबला अंगणात होतं. माघारी काठाला येऊन दादांनी शेजारच्या बांधावरून दाणे काढलेलं मक्याचं कणीस उचललं, माझ्या रुमालात गुंडाळलं आणि भोकात ठोकलं. "पाइपाला चालतं, तर हिला का न्हाई?"

मधोमध आलो आणि खालून खाडकन आवाज झाला. इंजिन भन्नाट फिरतंय आणि बोट जागच्या जागी. कशाला तरी अडकून पंख्याची पिन तुटली होती. दादांनी खिशातून खिळा काढला. तो बसवेपर्यंत इंदूताई पाण्याकडे बघत होती. मग समोरचा डोंगर बघितला, उजवीकडची घळ बघितली आणि म्हणाली, "ह्यो आमचा आंबा." दादांनी खिळा ठोकून दोरी ओढली. नंतर ती दादांना म्हणाली, "आता सरळ न्हाई जायचं. डावीकडं घ्या, कुंभाराच्या घरात घुसाल. पाणंदीनं चला." आणि तिने खरंच आम्हाला पाणंदीने नेलं. हात करत होती, इथे मारुती, इथे वळण, इथे चावडी. वर फक्त करडं पाणी. दादा सुकाणू धरून तिच्या हातावर नजर ठेवून होते आणि मधूनच खाली पाण्यात बघून म्हणत होते, "सरका कुंभारबुवा, जावई आल्यात." मला हसू येत होतं.

बोट लागली ती थेट सासूबाईंच्या घराच्या पाठीशी. काठापासून त्या आंधळ्या भिंतीपर्यंत सपाट होतं, पण पुढच्या दाराला जायचं तर कडेने शेवाळलेला खडा चढ. इंदूताईने एक पाय टाकला आणि मागे घेतला. मी आणि दादांनी उचलून बघितलं, तर तिघंही घसरत पुन्हा भिंतीपाशी. एवढं करून आईपासून हातभर अंतरावर थांबायचं... दादांचा चेहरा मी त्या आधी तसा कधी बघितला नव्हता. त्यांनी भिंतीवर थाप मारली.

आतून आवाज आला, "कोन हाय? पुडनं या."

"पुडनं जमत न्हाई, आत्याबाई," दादा म्हणाले. "तुमच्या पोरीला चढवत न्हाई."

मग अगदी भिंतीला तोंड लावल्यासारखा आवाज आला. "इंदे?"

इंदूताईने दोन्ही तळवे भिंतीवर टेकले. "आये," एवढंच म्हणाली. आतून आईचं मुसमुसणं, बाहेर लेकीचं, आणि मध्ये वीतभर माती.

मग सासूबाईंचा करडा आवाज आला, आता किसनला. "पहार घे. पाड."

"आये, भर पावसाचं?"

"पाड म्हनते ना."

किसनने आतून घाव घातले. दादा न राहवून बाहेरून हातांनीच माती ओढायला लागले. भगदाड पडलं, आणि आधी सासूबाईंचा हात बाहेर आला, बांगड्यांवर माती. लेक त्या भोकातून आत गेली. तिच्यामागून दोन जावई वाकून, चिखलाने माखून, एकजण ट्यूबमध्ये अडकून. आत मंदा कोरड्या लुगड्यात पुरण वाटत बसली होती. तिने माझ्या सदऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा वाटायला लागली. आम्ही धोंडे खाल्ले आणि समोरच्या भोकातून धरण दिसत होतं. सासूबाई त्याच्याकडे तोंड करून बसल्या होत्या, लेकीचा पाय मांडीवर घेऊन.

ते भोक परत बुजवलं नाही. दादांनी पुढच्या खेपेला बोटीतून चौकट आणि दार आणलं. धरणावरच्या वाऱ्याने ते सारखं आपटायचं, म्हणून इंदूताईने तो ब्रश अडकलेला मग आणला आणि दाराला टेकवला. मग दर पावसाळ्यात, धोंडा असो-नसो, दादा तिला पाणंदीने माहेरी नेऊ लागले. इंजिनाचा आवाज आला की सासूबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहत.

दादा गेल्यावर, मागच्या पंधरवड्यात, इंदूताई म्हणाली, "मला आयकडं न्या." मला पोहता येत नाही हे तिला माहीत आहे. मी नवा प्लग बसवला, कणीस आहे ना ते बघितलं आणि दोरी ओढली. ती पुढच्या फळीवर बसून हात करत राहिली, मी त्या हाताकडे बघत राहिलो. सासूबाई दारात उभ्याच होत्या. दादा गेल्याचा निरोप किसनने त्यांना आधीच दिला होता. आवाज त्यांनी ऐकला होता, सुकाणूवर कोण आहे ते लांबून दिसलंही असेल, पण तोंडावर काही दाखवलं नाही. लेकीला जवळ घेतलं आणि दोघी बराच वेळ तशाच बसून राहिल्या. संध्याकाळी वारा सुटला, पाऊस आत यायला लागला, म्हणून मी उठून दाराशी टेकवलेला तो मग सरकवला आणि दार लावायला घेतलं.

"राहू द्या, मास्तर," सासूबाई म्हणाल्या. "मोठ्या जावयांना पुडनं यायची सवय न्हाई."

मी तो मग परत दाराशी ठेवला. त्यातला ब्रश अजून ताठ उभा आहे.