विहीणबाईंचा नवा चेहरा

फ्लोरिडातल्या हायलीयात मिग्दालियाच्या हाताचं नाव होतं. दवाखाना कातडीच्या डॉक्टरबाईंचा, पण साल काढायला चेहऱ्यावर अ‍ॅसिडचा बोळा फिरवावा तो मिग्दालियानंच, असं बायका आपसात सांगायच्या. कातडी फ्रीजरमधल्या बर्फासारखी पांढुरकी झाली की ती हात आवरता घ्यायची. मग जुनी साल हळूहळू गळायची आणि खालून अशी गुलाबी त्वचा निघायची की बाई दिवसभर स्वतःच्याच गालावरून हात फिरवत बसायची.

तिच्या स्वतःच्या गालांना मात्र हे सुख नव्हतं. रंग आजीवर गेलेला, सावळा. तसल्या कातडीला कडक अ‍ॅसिड लावावं तर काळे डाग उठण्याचीच भीती. क्युबातलं कामाग्वे सोडून आई-बापांबरोबर आली तेव्हा ती पोरसवदा होती. कारखान्यात पोहण्याचे कपडे शिवले, नवरा गेल्यावर हे काम शिकली, एकुलता मुलगा वाढवला. आणि त्या मुलानं नेरेइदाची मुलगी केली.

नेरेइदा लोण्यासारखी गोरी. आयुष्यात कुठं नोकरी केली नाही, म्हणून नात यानेलिस तिच्याच मांडीवर वाढली. मिग्दालिया कामावरून दमून यायची तोवर पोरीचं जेवणखाण, वेणीफणी उरकलेली असायची. आता पोरीचा पंधरावा वाढदिवस आला होता, आणि क्युबन घरांत तो लग्नासारखा थाटात करतात. हॉल ठरला, झगा शिवायला टाकला. डोक्यावर मुकुट कोण घालणार असं आईनं विचारलं तेव्हा यानेलिसनं मानसुद्धा वर केली नाही. "नेरेइदा आजी. आणखी कोण?"

मिग्दालिया हसून "छान" म्हणाली. घरी आल्यावर तिनं काळ्या घेवड्याची उसळ आणि भात वाढून घेतला आणि तसाच झाकून ठेवला.

आणि त्यानंतर नेरेइदाच दवाखान्यात येऊन तिच्यापुढच्या खुर्चीत बसली.

"विहीणबाई, फोटोत नात चंद्रासारखी दिसणार आणि शेजारी मी वाळक्या पेरूसारखी. जरा सोलून द्या मला."

"पेरू बरा, विहीणबाई. तो गप्प तरी बसतो," मिग्दालिया बोळा पिळत म्हणाली. "तोंड हलवू नका."

डोळे मिटलेला तो गोरा चेहरा तिच्या हाताखाली होता. तिनं जबड्याच्या कडेशी अ‍ॅसिड हलकं हलकं करत नेलं, म्हणजे नवा चेहरा आणि जुनी मान यांच्यामध्ये रेघ दिसू नये. मेहनत घेताना स्वतःचाच राग येत होता, पण हाताला वाईट काम करता येईना. शेवटी तिनं बजावलं की साल ओढायची नाही, मलम लावत राहायचं आणि उन्हात पाऊल टाकायचं नाही. कोवळ्या कातडीला ऊन लागलं की तपकिरी डाग पडतात, आणि ते समारंभापर्यंत जायचे नाहीत.

"डाग पडले तर मी त्या फोटोवाल्यापुढे उभी राहणार नाही हो," नेरेइदा आरशात बघत म्हणाली. "मग मुकुट तुम्हीच घाला."

ती थट्टेत बोलली. मिग्दालियाच्या डोक्यातून मात्र ते वाक्य हलेना.

त्याच आठवड्यात, दुपारच्या सुट्टीत, मिग्दालियाला नेरेइदा दिसली. रस्त्यापलीकडे कॉफी विकणाऱ्या खिडकीशी चार बायकांच्या घोळक्यात, डोक्यावर टोपी नाही, छत्री नाही. अर्धी साल गेलेली, अर्धी लोंबणारी, आणि ती कौतुकानं एकेकीला गाल वळवून दाखवत होती. वर फ्लोरिडाचं ऊन ओतत होतं.

मिग्दालिया झाडाखाली थांबली. तिनं काही केलं नव्हतं. सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं. आता नुसतं पाठ फिरवून दवाखान्यात जायचं. नेरेइदानं कॉफी मागवली, सगळ्यांच्या छोट्या पेल्यांत ओतली, चवीनं एकेक घोट घेतला. मिग्दालिया बघत राहिली, आणि मनातल्या मनात मुकुट हातात धरून पाहिला. तेवढ्यात गाल दाखवता दाखवता नेरेइदाचं बोट हनुवटीपाशी लोंबणाऱ्या सालीकडे गेलं.

मिग्दालियाच्या हातचं काम होतं ते. तिनं तिथून रेघ घालवली होती.

ती गाड्यांमधून वाट काढत पलीकडे पोचली, नेरेइदाचं मनगट धरलं आणि आपली भलीमोठी पर्स तिच्या डोक्यावर छत्रीसारखी धरली. "अक्कल घरी मलमाच्या डबीत ठेवून आलात का, विहीणबाई?" घोळका खो खो हसला. मिग्दालियानं तिला तशीच पर्सखाली धरून गाडीपर्यंत नेलं, आणि पुढे रोज संध्याकाळी जाऊन स्वतः मलम लावलं. नेरेइदानं दर वेळी खाऊ-पिऊ घातलं, त्यामुळे मिग्दालियाचा राग आणखीच वाढला.

समारंभाच्या दिवशी नेरेइदा मुलीची आई शोभत होती. नातीच्या डोक्यावर मुकुट तिनंच घातला. लोक चेहऱ्याबद्दल विचारत तेव्हा ती ओढून ओढून मिग्दालियाला पुढे करायची, "या आमच्या विहीणबाई, यांचा हात." बायका मिग्दालियाचा हात हातात घ्यायच्या आणि बघायच्या मात्र नेरेइदाच्या गालांकडे.

वॉल्ट्‌झ नाच सुरू झाला. मुलगा आपल्या लेकीला घेऊन गिरक्या घेत होता, सगळ्या हॉलचे डोळे तिकडे लागले होते. मिग्दालिया एकटी दुसरीकडे बघत होती. शेजारी बसलेल्या विहिणीच्या जबड्याखाली, कानापासून हनुवटीपर्यंत, ती रेघ शोधत होती. दिव्याचा उजेड फिरला तशी मान वाकवून तिनं पुन्हा पाहिलं.

कुठंच सापडली नाही.