‘अंधारी’ पाडणारे माधवराव

माधवराव जगदाळे यांची नि माझी ओळख वादातून झाली. स्वातंत्र्यानंतरच्या मध्य भारत राज्याचे ते दिवस. मी बांधकाम खात्यात नवा ओव्हरसियर, ते तुरुंगाचे अधीक्षक. इंदूरच्या कडेला एक जुना दगडी तुरुंग रिकामा पडला होता. लोक त्याला ‘अंधारी’ म्हणत. जुन्या अमलात तिथे कैद्यांना भिंतीतल्या कड्यांना बांधून फोडून काढत.

मी म्हणालो, “साहेब, इतकं पक्कं बांधकाम! धान्याचं गोदाम करू.”

“नाही भिया. कड्या भिंतीत आहेत तोवर कुणाला तरी त्या वापराव्याशा वाटतील,” माधवराव म्हणाले. ‘भैया’चं हे इंदुरी ‘भिया’ त्यांच्या तोंडी कायम असे.

उन्हाळ्यापुरती राजधानी म्हणून सरकारचा मुक्काम इंदूरला आला, की माधवराव फेटा बांधून रोज मंत्र्यांच्या दारात उभे राहत. अखेर अंधारी पाडायचा हुकूम निघाला. पण घरी वादळ उठलं. त्यांचे वडील बापू त्याच अंधारीत शिपाई होते. “माझी उभी नोकरी पाडायला निघालास,” म्हणून त्यांनी मुलाशी बोलणं सोडलं. इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या त्यांच्या घरात बाप-लेक एका पंगतीत मुक्याने जेवत.

पाडकामाच्या दिवशी मुकादम मला विचारत होता, “साब, इतनी पक्की दीवार काहे को तुड़वा रिये हो?” तेवढ्यात काठी टेकत बापू आले.

“मी कुणावर हात उचलला नाही,” ते मुलाला म्हणाले.

“ठाऊक आहे, बापू. पण ओरडणं ऐकलंत ना?”

 बापू आत जाऊन एका कडीपाशी थांबले. “आधी ही काढा. हिला बांधलेला एक जण पाणी मागायचा. द्यायची मनाई होती. मी दिलं नाही.”

त्यांनी स्वतःच पहार मागितली.  माधवरावांनी मागून आपले हात त्यांच्या हातांवर ठेवले. कडी निघाली तेव्हा दोघेही रडत होते.

पुढे नव्या तुरुंगात एका शिपायाने कैद्याला थप्पड मारली. माधवरावांनी त्याला माफी मागायला लावली, आणि मग सर्वांसमोर स्वतःही मागितली. असे अधिकारी मी फार पाहिले नाहीत. माझी पत्नी बाळंतपणात अडली, तेव्हा भर पावसात टांगा घेऊन हेच दारात हजर झाले होते.

ते दिवस आठवले की जीव हुरहुरतो. आपलं राज्य नवं होतं, आणि वाईट ते मोडून काढता येतं असं आम्हाला मनापासून वाटायचं.

आता माधवराव इंदूरच्याच सुदामा नगरात मुलाकडे असतात. परवा मी विचारलं, “पंचाहत्तरीला काय आणू?”

“कुछ नहीं भिया. पोरांना एवढं सांगा, अंधारी पडली नाही. आपण पाडली.”

माधवराव, मी सांगेनच. पण तुमच्या तोंडून ऐकण्यात गोडी आहे. ते सांगायला तुम्ही आम्हांत पुष्कळ वर्षं खणखणीत आवाजाने आणि धडधाकट देहाने राहा.