नव्या बंबाची पूजा

माझा नवरा अग्निशमन दलात फायरमन आहे. लग्न झाल्यापासून मी आगीला कधी फारशी घाबरले नाही. आगीबद्दल तो घरी काही बोलायचाच नाही, त्यामुळे ती माझ्या डोळ्यांसमोर कधी उभीच राहायची नाही. मला भीती वाटायची ती गाडीची. त्यांचा जुना बंब मी येताजाता बघायचे. पुढे ड्रायव्हर आणि साहेब बसायचे. त्यांच्या मागची जागा दोन्ही बाजूंनी उघडी होती. तिथे एक आडवी फळी आणि वर धरायला लोखंडी दांडा. फायरमन त्या फळीवर बसायचे आणि घंटा वाजवत गाडी सुटली की दांड्याला लटकल्यासारखे दिसायचे. त्या काळी गाड्या तशाच बनत. त्यात कुणाची चूक नव्हती. पण आपलं माणूस त्या फळीवर असलं की ते कारण पुरत नाही.

तीनेक वर्षांपूर्वी ती भीती खरी झाली. दुपारची वेळ होती. कॉलवर निघालेली गाडी नया नगरच्या एका वळणावर आली आणि समोर अचानक स्कूटर आडवी आली. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. स्कूटरवाला वाचला, पण माझ्या नवऱ्याचा हात दांड्यावरून सुटला आणि तो रस्त्यावर पडला. मी घरी मशीनवर ब्लाउज शिवत बसले होते. शेजारची भाभी धावत आली. तिच्या भावाचं दुकान त्याच वळणावर आहे, त्याने तिला फोन केला होता. दारातूनच ती म्हणाली, "दीदी, भैया होश में हैं, पहले ये सुन लो. गाड़ी से गिर गए हैं." तिने ते ज्या क्रमाने सांगितलं, त्यासाठी मी तिची आजन्म ऋणी आहे.

खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं होतं. कित्येक आठवडे तो हात गळ्यात बांधून घरी होता. सासूबाई त्याला लहान पोरासारखं भरवायच्या आणि वर रागवायच्याही. सासऱ्यांचं मिठागराचं काम थांबल्यानंतर घरात आलेली पहिली पगाराची नोकरी म्हणजे याची ही नोकरी. त्यामुळे ती सोड असं सासूबाईंच्या तोंडून येणं शक्य नव्हतं. माझ्या ओठांवर दोनतीनदा आलं, मी गिळलं. हाड जुळलं आणि तो पुन्हा त्याच फळीवर बसायला लागला. त्यानंतर घंटा ऐकली की माझा पाय मशीनवरच थांबायचा. ती गाडी त्याची असो वा नसो.

नवी गाडी येणार, नवी गाडी येणार, असं आम्ही बरेच दिवस ऐकत होतो. एकदा जेवताना तो सहज म्हणाला, "बहुतेक पुढच्या महिन्यात येतेय. पाण्याची टाकी मोठी आहे. पंप तर बटणावर चालतो."

मी विचारलं, "दरवाजे आहेत?"

"काय?"

"मागे बसता तिथे. दरवाजे आहेत का?"

तो हसला. "आहेत की. चार दरवाजे आहेत. सगळे आत बसणार. पट्टेसुद्धा आहेत, कारमध्ये असतात तसे."

मी भात वाढायला म्हणून उठले आणि ओट्यापाशी जरा उभी राहिले. मागून सासूबाईंचा आवाज आला, "बरा झाला बाय. देवाला डोले हायेत."

गाडी आली आणि तिच्या पूजेचा दिवस ठरला. घरच्यांनाही बोलावलं होतं. अग्निशमन केंद्रासमोर छोटा मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, माइक, पेढ्यांचे खोके अशी सगळी तयारी होती. एक मोठे पाहुणे फीत कापायला येणार होते. गाडी शेडमध्ये उभी होती, लालभडक. इतकी चकचकीत की तिच्या अंगात आमची सगळ्यांची तोंडं दिसत होती. समोर झेंडूचा जाड हार आणि काचेवर कुंकवाचं स्वस्तिक होतं. चाकांखाली लिंबं ठेवलेली. शेडच्या तोंडाशी दोन खांबांना सॅटिनची लाल फीत ताणून बांधली होती.

सासूबाई आदल्या दिवशी मुर्ध्याला, गावच्या घरी गेल्या होत्या; तिथून आल्या त्या पिशवीत घरचा कोयता घेऊनच. नारळ फोडल्यावर खोबरं काढायला लागेल म्हणून. मी म्हटलं, "आई, तिथे असेल ना." तर म्हणाल्या, "त्यांच्या कोयत्याला धार न्हाय." त्यांचा कोयता कधी बघितला होता कोण जाणे.

आम्ही लवकर पोचलो होतो, म्हणून नवऱ्याने आम्हाला फितीखालून आत नेलं आणि गाडी दाखवली. तो पंपाचं पॅनल दाखवत होता, शिडी दाखवत होता. मी मागचा दरवाजा उघडला. मग बंद केला. जड, भरीव आवाज आला. पुन्हा उघडून बंद केला.

"वडून बघ, लागतंय का नीट," सासूबाई म्हणाल्या.

मी ओढून बघितला. हलला नाही. सासूबाईंनी स्वतः एकदा ओढून बघितला. मग त्यांनी दरवाज्यावर हात फिरवला, म्हशीच्या पाठीवर फिरवावा तसा आणि बाजूला झाल्या.

पाहुण्यांना उशीर होत होता. साहेब, म्हणजे त्या केंद्राचे अधिकारी, सारखे फाटकाकडे बघत होते. तेवढ्यात कंट्रोल रूममधली मुलगी बाहेर आली. फोन आणि वायरलेस तिच्याकडे असतो. ती चालतच आली, पण तिचा आवाज धावत होता.

"साहेब, कॉल आहे. हाटकेशला गाळ्याला आग लागलीय. पॅकिंगचा माल आहे. आत माणसं आहेत म्हणतायत."

मंडपातले सगळे उठून उभे राहिले. जुना बंब बाजूला उभा होता, पण त्यातला सगळा पाइप, सामान, सगळं आदल्या दिवशीच नव्या गाडीत गेलं होतं. दुसऱ्या केंद्राची गाडी निघत होती, पण तिला वाटेत वेळ लागणार होता. साहेबांनी हे सगळं मनात धरलं असावं, कारण ते फार थांबले नाहीत.

"हीच काढा," ते म्हणाले.

साहेब पुढे बसले, माणसं मागे चढली. माझा नवराही चढला. चार दरवाजे एकामागून एक लागले. इंजिन सुरू झालं. आणि गाडी उभीच राहिली, कारण समोर ती फीत होती. आता विचार केला तर हसू येतं. एवढ्या मोठ्या गाडीने ती फीत सहज तोडली असती. पण ड्रायव्हर साहेबांकडे बघत होता, साहेब फितीकडे बघत होते, आणि कात्रीचं तबक तर पाहुण्यांबरोबर येणार होतं. कुणाचाच हात पुढे होईना.

"अरे थांबलाव कशाला?" सासूबाई ओरडल्या. "आग काय पावन्याची वाट बघनार हाय?"

आणि पिशवीतला कोयता काढून, लुगड्याचा पदर खोचून त्या पुढे गेल्या. एका घावात फीत कापली. दोन्ही टोकं खांबांवरून लोंबत राहिली. गाडी पुढे आली, चाकांखाली लिंबं चिरडली, घंटा सुरू झाली, आणि हार घातलेली ती गाडी फाटकाबाहेर वळली. खिडकीच्या काचेआड मला नवऱ्याचं तोंड दिसलं. तो आईकडे बघत होता, तोंड उघडं ठेवून.

मग वाट बघणं आलं. इतकी वर्षं मी ती घरी बघितली होती, मशीनसमोर, काहीच न कळता. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू येईल इतक्या जवळ होते. कंट्रोल रूमच्या दारात मी आणि सासूबाई उभ्या राहिलो. त्या मुलीने आम्हाला जा म्हटलं नाही. दुसऱ्या एका फायरमनची बायको खुर्ची घेऊन आली आणि तिने सासूबाईंना बसवलं. मंडपवाला मध्येच येऊन विचारून गेला, "मॅडम, खुर्चियाँ रखूँ के उठाऊँ?" सगळ्यांचे कान वायरलेसकडे होते. तो बिचारा स्वतःच एका खुर्चीवर बसला.

वायरलेसवर साहेबांचा आवाज आला. "गाडी पोचली. धूर भरपूर आहे." मग खरखर. मग, "पोटमाळ्यावर दोन बायका अडकल्यात. मागच्या खिडकीला शिडी लावतोय."

"शिडीवर कोण?" मी त्या मुलीला विचारलं. खरं तर विचारायला नको होतं.

तिने माझ्याकडे बघितलं. "ताई, ते नाही सांगत."

"पाणी सुरू," वायरलेस म्हणाला.

त्यानंतर काहीच आलं नाही. ती मुलगी थोड्या थोड्या वेळाने बोलत होती, "साहेब, बोला. साहेब, परिस्थिती कळवा." समोरून नुसती खरखर. सासूबाईंनी माझं मनगट धरलं होतं. त्यांची बोटं कामाची, राठ. मला दुखत होतं, पण मी हात सोडवला नाही. शिडीवर तोच असणार हे मला माहीत होतं. उंचीला न घाबरणारा त्यांच्यात तोच. लहानपणी मुर्ध्याच्या ताडांवर चढायचा, हे सासूबाईंनी मला लग्नातच कौतुकाने सांगितलं होतं. त्या क्षणी मला त्या ताडांचाही राग आला.

मग अचानक आवाज आला, आणि तो साहेबांचा नव्हता.

"कंट्रोल, दोघी खाली आल्या. दोघी ठीक आहेत. आपली सगळी माणसं ठीक आहेत. आग आटोक्यात आहे."

धाप लागलेली होती, पण आवाज ओळखायला मला अर्धा शब्दही लागला नाही.

"माझा पोर बोल्ला," सासूबाई म्हणाल्या. "त्यो माझा पोर बोल्ला गो." आणि इतका वेळ कोरडी राहिलेली ती बाई रडायला लागली. कंट्रोल रूमच्या मुलीने वायरलेसवर शांतपणे "समजलं" म्हटलं, बटण सोडलं आणि मग टेबलावर डोकं टेकलं. मला वाटलं होतं, ती रोज हे ऐकते, तिला सवय असेल.

मी बाहेर येऊन पेढ्यांचा एक खोका फोडला आणि दिसेल त्याला पेढा दिला. मंडपवाल्याला दोन दिले. नैवेद्य झाला नव्हता. कुणी हरकत घेतली नाही.

गाडी परत आली तेव्हा ओळखू येत नव्हती. एका अंगाला काजळी, सगळीकडे चिखलपाणी. हारातला एक तुकडा तेवढा आरशाला अडकून राहिला होता. गाडी थांबली, सगळे उतरले, माझा नवरा उतरेना. मी धावत जाऊन दरवाजा उघडला. तो आत बसून कमरेच्या पट्ट्याशी झटत होता.

"निघत नाहीये गं," तो म्हणाला. "बटण कुठे असतं याचं?"

चेहरा काळा, डोळे लाल. मी वाकून बटण दाबलं. पट्टा सुटला. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना, आणि सगळ्यांसमोर मी त्याच्या ओल्या गुडघ्यावर डोकं ठेवून तशीच उभी राहिले. तो म्हणाला, "अगं, कपडे खराब होतील." मी म्हटलं, "होऊ देत."

मग मी विचारलं, "वायरलेसवर कुणीच बोललं का नाही इतका वेळ?"

"साहेब खालून शिडी धरून होते. मी वर. हात कुणाचा मोकळा होता?"

त्या दोघी बायका धुराने घाबरल्या होत्या, बाकी काही नाही. एकीची चप्पल वर राहिली म्हणून ती पुन्हा शिडी चढायला निघाली होती, तिला धरून ठेवायला लागलं. हे त्याने स्वतः सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने मला आगीबद्दल काही सांगितलं असेल.

पाहुणे अखेर आले. तोवर कुणीतरी फितीची दोन टोकं गाठ मारून जोडली होती. गाठ बरोबर मधोमध आली होती, म्हणून पाहुण्यांनी जरा बाजूला कापली. त्यांनी ओल्या गाडीकडे बघितलं, बुटाखालच्या काळ्या पाण्याकडे बघितलं, आणि साहेबांना म्हणाले, "गाडी वापरातली वाटतेय."

"हो सर, ट्रायल घेतली," साहेब म्हणाले आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सासूबाईंकडे न बघण्याचा फार प्रयत्न करत होते. सासूबाई मांडीवर पिशवी घेऊन शहाण्यासारख्या टाळ्या वाजवत होत्या. पाहुणे गेल्यावर मात्र साहेब त्यांच्याकडे आले आणि वाकून नमस्कार केला. त्या लाजल्या. म्हणाल्या, "साहेब, तुमची फीत वाया गेली."

त्या दिवसापासून काळजी संपली, असं मी म्हणणार नाही. आग आहे तशीच आहे, आणि तो अजूनही शिडीवर सगळ्यांच्या आधी चढतो. पण जाण्यायेण्याच्या रस्त्याची काळजी गेली, आणि ती किती मोठी होती हे मला ती गेल्यावरच कळलं. आता घंटा ऐकू आली तर मी मान वर करते, दरवाजे लागले असतील असं मनात म्हणते आणि शिवण पुढे घेते.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी बोंबील तळले. नवऱ्याने दोन वेळा अंघोळ केली तरी त्याच्या केसांना धुराचा वास येत होता. जेवता जेवताच त्याचे डोळे मिटायला लागले. सासूबाई दाराबाहेरच्या ओट्यावर बसून शेजारणींना सगळं सांगत होत्या, आणि दर खेपेला ती फीत थोडी जास्त रुंद होत होती. तो भिंतीला टेकून तसाच झोपला. मी त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं, मानेखाली उशी सरकवली आणि तो घोरतोय तो आवाज ऐकत उरलेले बोंबील सावकाश खाल्ले.